आई भवानीचा संबळ

श्रीक्षेत्र तुळजापुरी पाऊल ठेवताच ‘आई राजा उदो उदो’ या जयघोषाबरोबर संबळाचा नाद भाविकांच्या कानी पडतो. देवीच्या छबिन्यापुढे व गोंधळात वाजणाऱ्या या वाद्याची ओळख भाविकांस व्हावी, म्हणून हे अल्प निरूपण.

रचना : संबळ हे जोडवाद्य आहे. नगाऱ्याच्या आकाराची, धातूची अथवा लाकडाची दोन भांडी एकमेकांस जोडलेली असतात व त्यांच्या तोंडांवर चामडे ताणून बसविलेले असते. लहान भांड्याचा स्वर उंच, तर मोठ्याचा खर्जाचा असतो.

वादन : वादक संबळ कमरेस बांधून उभ्याने, दोन काठ्यांनी वाजवितो. एक काठी सरळ, तर दुसरीचे टोक वळविलेले असते. खर्जाचा घुमारा लयीचा पाया धरतो. उंच स्वराचे जलद बोल त्यावर खेळतात. ऐकताना प्रथम खर्जाकडे लक्ष द्यावे, म्हणजे वरचे बोल आपोआप उलगडू लागतात. आख्यान सांगणाऱ्याचे शब्द स्पष्ट ऐकू जावेत म्हणून हात आवरणे आणि आरतीच्या वेळी लय चढविणे, हीच वादकाची खरी कसोटी होय.

गोंधळातील स्थान : विवाहादी मंगलकार्यानंतर गोंधळ घालणे हा अनेक घराण्यांचा कुलाचार आहे. चौक भरून घट मांडतात, दिवटी पेटवितात. मग देवतांना आवाहन, आख्यान व आरती होते. संबळाच्या साथीस तुणतुणे व झांज असते. गोंधळ्यांत तुळजाभवानीचे उपासक कदमराई आणि माहूरच्या रेणुकामातेचे उपासक रेणुराई अशा दोन शाखा आहेत. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘गोंडली’ नृत्याचे वर्णन आहे. काही अभ्यासक गोंधळाचा संबंध त्याच्याशी जोडतात. संत एकनाथांनीही आपल्या भारुडांत गोंधळाचे रूपक योजिले आहे.

ही विद्या पोथीत नाही. ती वडिलांच्या शेजारी उभे राहून मुलाने कानांनी व हातांनी उचलावयाची असते. घरोघरी गोंधळाचे आमंत्रण जाईल, तरच तो मुलगा काठी हाती धरील. ध्वनिमुद्रित गीते लावून कुलाचार उरकला, तर नाद ऐकू येईल. परंतु परंपरा खंडित होईल. म्हणून भाविकांनी आपल्या मंगलकार्यात गोंधळ्यांस सन्मानाने बोलवावे, यथाशक्ती दक्षिणा द्यावी आणि आरती होईपर्यंत सहकुटुंब बसून श्रवण करावे. संबळाची हीच खरी सेवा होय.