कुलूप गिऱ्हाइकाचं, काळजी मालकाची

(चंदीगडच्या सेक्टर 30 मध्ये राहणारी भाची आणि पुण्याहून आलेला, महाराष्ट्र राज्य वखार महामंडळातून निवृत्त झालेला मामा.)

भाची : मामा, इथे बदलीची माणसं खूप. सीएसआयओ ही केंद्राची संशोधन संस्था आमच्याच सेक्टरात, हवाई दलाचा तळही जवळ. बाहेरगावी जाताना संसार ठेवायचा कुठे, हा सगळ्यांचा प्रश्न. खालच्या मजल्यावर खोल्या पाडून सेल्फ स्टोरेज काढावं म्हणते, म्हणजे खोली भाड्याने, सामान आणि कुलूप गिऱ्हाइकाचं.

मामा : घरात नको. सेक्टर 1 ते 30 हा शहराचा पहिला टप्पा. इथल्या घरांचे मजलेवार फ्लॅट करायला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये मनाई केली. त्यात राहत्या घरात गोदाम थाटलंस तर प्रशासनाच्या इस्टेट ऑफिसची नोटीस येईल. इंडस्ट्रियल एरिया किंवा झिरकपूरकडे बघ. आणि जागेचा मंजूर वापर कागदावर तपासल्याशिवाय सही करू नकोस.

भाची : जागा केवढी घेऊ?

मामा : आधी कोरडी आहे का बघ. 2023 च्या जुलैत इथे एका दिवसात तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, ते शेजारच्या दुकानदाराला विचार. तळघर घेऊच नकोस. वखारीत आम्ही थप्पी कधी भिंतीला टेकू देत नसू. खाली फळ्या, चारी बाजूंनी फिरायला वाट. ओल आणि वाळवी वेळेवर दिसते ती त्या वाटेमुळेच. पार्टिशन नटबोल्टची कर, म्हणजे मागणीप्रमाणे खोल्या लहानमोठ्या करता येतील.

भाची : पण खोलीला कुलूप गिऱ्हाइकाचं. आत काय चाललंय ते मला कसं कळणार?

मामा : म्हणून सामान आत जाण्याआधी दारातच बघायचं. फ्रिज आला तर आतून पुसून कोरडा केलाय ना, दार किलकिलं राहील अशी कापडाची घडी अडकवलीय ना? गादी प्लास्टिकमध्ये करकचून बांधली तर आतल्या दमटपणाने बुरशी धरते. तिला सुती चादर बरी. स्कूटरची टाकी रिकामी हवी. गॅस सिलिंडर, रंगाचे डबे, इन्व्हर्टरची बॅटरी, धान्य, यांना सरळ नाही म्हणायचं, ओळखीचा असला तरी. एकाच्या खोलीतली ठिणगी सगळ्यांचे संसार जाळते.

भाची : आणि भाडं थकलं तर? माल विकून वसूल करायचं?

मामा : तिथेच नवे मालक फसतात. अमेरिकेत अशा लिलावासाठी राज्यांचे वेगळे कायदे आहेत. आपल्याकडे सेल्फ स्टोरेजसाठी तसा कायदा नाही. कुलूप तोडून सामान विकलंस तर तूच अडचणीत येशील. अनामत घे, दुसरा संपर्क लिहून घे, थकबाकी झाली तर किती दिवसांनी नोटीस आणि पुढे काय, ते वकिलाकडून करारात घालून घे. किल्ली तुझ्याकडे राहिली तर 1872 च्या करार कायद्याप्रमाणे माल सांभाळायची जबाबदारीही तुझ्यावर येऊ शकते, हेही त्याला विचार.

भाची : विमा काढला की निर्धास्त ना?

मामा : इमारतीच्या विम्यात गिऱ्हाइकाचं सामान आपोआप येत नाही. त्याचा वेगळा विमा लागतो, हे पहिल्या भेटीत सांग. भाडं किती, ते गिऱ्हाईक विचारेलच. काय भरून मिळणार नाही, ते मात्र त्याने न विचारताच सांगायचं.