बिअर महोत्सवाचं तिकीट परवडतं का?

प्रश्न : मेहुणा पुण्याला असतो. तिथल्या क्राफ्ट बिअर फेस्टिव्हलला चला म्हणून मागे लागलाय. तिकीट दीड हजाराचं. तेवढ्या पैशांत इथे कितीतरी बाटल्या येतील. मग एवढ्या लांब कशासाठी जायचं?
– एक वाचक, सावेडी, अहिल्यानगर

उत्तर : बाटल्यांचा हिशेब मनात असेल, तर खरंच जाऊ नका. ६० मिलीच्या ग्लासातून बारा वेगवेगळ्या बिअर चाखल्या तरी पोटात जाते ७२० मिली, म्हणजे दुकानातल्या ६५० मिलीच्या एका बाटलीहून जराशीच जास्त. तिकीट वसूल करायला निघालेला माणूस तिथे हमखास फसतो. शिवाय कडवट बिअरचे पाचसहा घोट झाले की जीभ थकते आणि पुढचं सगळं सारखंच लागतं.

तिकिटात काय काय येतं, हे मेहुण्याला आधी विचारून घ्या. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये आत जायला पैसे लागत नाहीत, पण लिटरभराच्या मगाला २०२४ साली १५ युरोंच्या आसपास मोजावे लागत होते. अमेरिकेत डेन्व्हरला भरणाऱ्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलची रीत उलटी आहे. १९८२ साली सुरू झालेल्या या महोत्सवात तिकीट एकदाच काढायचं, मग आत औंसाऔंसाने, म्हणजे ३०-३० मिली, हवं ते चाखायचं. मी एकदा तिसऱ्याच प्रकारात सापडलो. तिकिटावर नुसतं फाटक उघडलं, आत कूपनांसाठी वेगळी रांग. कूपनं घेऊन स्टॉलपाशी पोचेपर्यंत मला हवी होती ती बिअर संपलेली, आणि उरलेल्या कूपनांचे पैसे परत नाहीत. त्या दिवशी फार चिडलो होतो. म्हणून सांगतो, कूपनं थोडी थोडी घ्या आणि दार उघडतानाच पोचा.

लवकर जाण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. दुपारी गर्दी नसते, त्यामुळे बिअर करणारा माणूस स्वतः स्टॉलवर उभा असतो आणि बोलायला मोकळा असतो. अशाच एका दुपारी एकाने माझ्या तळहातावर मूठभर माल्ट ठेवलं आणि म्हणाला, चावून बघा. खरपूस, किंचित गोड, बिस्किटासारखं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला, भाजलेला सातू. आपल्या घरात नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतात, तीच ही वाट. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर करणारे रस तयार होतात. ती साखर यीस्ट खातं, आणि त्यातून दारू नि फेस दोन्ही येतात. मग त्याने हॉप्सची सुकी फुलं बोटांत चुरून नाकाशी धरली. लिंबाच्या सालीचा आणि ओल्या गवताचा वास! बिअरचा कडूपणा कुठून येतो, हे मला तेव्हा कळलं. दीड हजार द्यायचे ते या गप्पांसाठी. आणि लांब जायचं ते ताज्या बिअरसाठी. पुण्यात २००९ साली डूलाली या मायक्रोब्रुअरीने स्वतःची बिअर बनवून तिथेच प्यायला द्यायला सुरुवात केली. अशी ताजी बिअर थंड ठेवावी लागते आणि फार दिवस टिकत नाही, त्यामुळे ती जिथे बनते त्याच्या आसपासच प्यावी.

तुमच्यासाठी मोठा खर्च मात्र तिकिटाचा नाही, परतीचा आहे. नगर ते पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही. पण दंडाचं सोडा, तो रस्ता रात्रीचा कसा असतो हे तुम्हाला माहीत आहे. एसटीने जा आणि मेहुण्याकडेच मुक्काम करा. तेवढं जमत नसेल तर फुकट मिळालेलं तिकीटही घेऊ नका. आणि हो, महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो. सौम्य बिअरला वयाची अट २१ वर्षांची आहे, कडक दारूला २५.

आणखी एक गोष्ट, मनापासून. राळेगणसिद्धीच्या कायापालटात दारू बंद करणं हे सुरुवातीचं एक मोठं पाऊल होतं. बाटलीने संसार कसे मोडतात हे आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिलंय. तुमच्या घरात कुणाला या गोष्टीचा त्रास झालेला असेल, तर बायकोशी बोलून मगच ठरवा. तसं काही नसेल आणि नवं चाखायची, विचारायची हौस असेल, तर वर्षातून एकदा दीड हजार मला जास्त वाटत नाहीत. दुसऱ्यांदा मात्र तिकिटात घोट धरलेले असतील तरच जा.

गेलात तर माझ्यातर्फे एक विचारा. आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची बिअर करतात. आपल्याकडच्या रब्बी ज्वारीची कुणी करून पाहिली आहे का? काय उत्तर मिळतं ते मला जरूर लिहा.