वहीतले गाणे, मुखातले गाणे



गायकवृंदाने वही पाहून गावे की पाठ गावे, हा प्रश्न सरावात नेहमी निघतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

स्वरलिपी हे ख्रिस्तसभेला मिळालेले मोठे दान आहे. अकराव्या शतकात ग्वीदो या बेनेडिक्टाईन संन्याशाने रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत रूढ केली. पूर्वी दहा वर्षांतही नीट न जमणारे गायन आता एक-दोन वर्षांत जमते, असे त्याने लिहिले. आपले प्रतिसाद स्तोत्र दर रविवारी बदलते. ते वाचूनच गावे. अंदाजाने गायल्यास देववचनाचे शब्द बदलतात.

पण कार्ल्याजवळून वाहणारी इंद्रायणी पुढे देहूला जाते. तुकोबांच्या वह्या तिच्यात बुडवल्या, तरी अभंग लोकांच्या मुखी राहिले, असे सांगतात. दिंडीत टाळ धरलेल्या हातांत वही मावत नाही.

क्रुसावर प्रभू येशूच्या मुखी स्तोत्र २२ चे शब्द आले. तेथे ग्रंथ कोणी धरला होता? जे आधीपासून अंतःकरणात होते, तेच वेदनेत ओठांवर आले. आजाऱ्याच्या खाटेजवळ, अंत्यविधीच्या वेळी आपल्यालाही तेच साथ देते. पाठांतराचा हेतू हा आहे; लोकांची वाहवा नव्हे.

म्हणून नवे गीत वहीतून शिकावे, शब्द आणि चाल पक्की करावी. ‘प्रभो, दया कर’, ‘पवित्र, पवित्र’ ही मिस्सेतली नेहमीची गीते मात्र सर्वांना पाठ हवीत. या महिन्यात प्रत्येक कुटुंबाने संध्याकाळच्या प्रार्थनेत एक गीत, सर्व कडव्यांसह, पाठ करावे.