आनंद कशाचा करायचा?

आजचे वाचन : लूक १०:१७–२४
सोबत वाचावे : मत्तय ७:२१–२३, योहान ६:१४–१५



आजचं मनन लिहायला मला तीन दिवस लागले. एरवी सकाळी ऑफिसची बस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकते तेवढ्या वेळात माझं लिहून होतं. या वेळी झालं नाही, कारण हा शास्त्रभाग दुसऱ्यांना समजावण्याआधी मलाच लागला.

आमच्या सोसायटीत दर शनिवारी संध्याकाळी एक छोटी घरगुती प्रार्थनासभा होते. पाच-सहा कुटुंबं येतात. पावसाळ्यात आमच्यातल्या एका ताईंचा मुलगा डेंग्यूने आयसीयूत होता. प्लेटलेट्स झपाट्याने उतरत होत्या. आम्ही रात्रभर प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी आकडे सुधारायला लागले आणि आठवड्याच्या आत पोरगा घरी आला. रविवारी मंडळीत साक्ष झाली आणि साक्षीत माझं नाव घेतलं गेलं. तेव्हापासून फोन सुरू झाले. "ब्रदर, तुम्ही प्रार्थना करा. तुमची प्रार्थना देव ऐकतो."

खरं सांगतो, मला ते आवडलं. मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे लगेच एक एक्सेल शीट केली. नाव, विनंती, तारीख आणि शेवटच्या रकान्यात 'उत्तर मिळाले' किंवा 'प्रलंबित'. उत्तर मिळालेल्या ओळी हिरव्या. सुरुवात चांगल्या हेतूने होती, कोणाचं नाव विसरू नये म्हणून. पण हळूहळू मी ती शीट प्रार्थना करायला कमी आणि हिरव्या ओळी मोजायला जास्त उघडू लागलो.

मग मंडळीतले एक काका आजारी पडले. त्यांच्यासाठीही आम्ही तशीच प्रार्थना केली, उपासही केला. काका गेले. काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो काकूंचा नव्हता. तो होता, "आता लोक काय म्हणतील?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पँट्रीत नुसता उभा होतो. हा विचार माझ्या आत आला कुठून?

सत्तर जण परत आले

लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू सत्तर शिष्यांना दोघादोघांनी पुढे पाठवतो. पिशवी नको, थैली नको, पायतण नको. ते गेले, आणि सतराव्या वचनात आनंदाने परत आले. त्यांचा अहवाल एका वाक्याचा आहे : प्रभूच्या नावाने भुतेसुद्धा त्यांना वश होत होती.

इथे एक गोष्ट लक्षात घेऊ या. त्यांचा अहवाल खोटा नव्हता. भुते खरोखर निघाली होती, माणसं खरोखर मोकळी झाली होती. प्रभू त्यांना रागावत नाही. उलट तो म्हणतो की सैतान आकाशातून विजेसारखा पडताना मी पाहिला, आणि शत्रूच्या सगळ्या बळावर मी तुम्हाला अधिकार दिला आहे. म्हणजे सामर्थ्य हे प्रभूचंच दान आहे. सामर्थ्य वाईट, असं या भागात कुठेही म्हटलेलं नाही.

पण विसाव्या वचनात प्रभू त्यांच्या आनंदाची जागा बदलतो. आत्मे वश होतात म्हणून आनंद करू नका. तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत म्हणून करा.

का बरं? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण यहूदाचं आहे. मत्तय १० च्या सुरुवातीला बारा प्रेषितांना अशुद्ध आत्म्यांवर आणि रोगांवर अधिकार दिलेला आहे. लगेच खाली नावांची यादी आहे आणि यादीत शेवटचं नाव यहूदा इस्कर्योत. त्यालाही तोच अधिकार मिळाला होता, तोही गावोगाव गेला होता. शेवटच्या भोजनाच्या वेळी, तुमच्यातला एक जण मला धरून देईल असं प्रभू म्हणाला, तेव्हा शिष्यांनी एकमेकांकडे पाहिलं. यहूदाच्या सेवेत बाहेरून काही कमी दिसलं असतं तर त्यांना विचारावं लागलं नसतं. मत्तय ७ मध्येही हेच आहे. तिथले लोक भुते काढण्याची, अद्भुत कामांची यादी वाचतात, आणि प्रभू ती यादी खोडून काढत नाही. तो एवढंच म्हणतो की माझी तुमची कधी ओळखच नव्हती.

दुसरं कारण : सामर्थ्याचा आनंद तुलनेवर जगतो. आज वश झालेली भुते उद्या वश होतीलच असं नाही. पुढे आणखी मोठं काहीतरी घडावं लागतं, नाहीतर कालच्या साक्षीचा उत्साह उतरतो. 'प्रलंबित' ओळी वाढल्या की माझी झोप जायची, ती यामुळेच.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त धीर देतं. 'लिहिलेली आहेत' हा कर्मणी प्रयोग आहे. नाव मी लिहिलेलं नाही, दुसऱ्या कोणीतरी लिहिलं आहे. माझ्या शीटमध्ये लिहिणारा मी, रंग भरणारा मी, बघणाराही मीच. त्या दुसऱ्या वहीत माझा हातच नाही.

आणि पुढचं वचन बघा. त्याच घटकेला येशू स्वतः पवित्र आत्म्यात उल्लसित होतो. त्याचा आनंद कशाचा? ज्ञानी लोकांपासून गुप्त ठेवलेलं पित्याने बालकांना प्रकट केलं, याचा. पित्याशी असलेलं नातं, तेच त्याच्या आनंदाचं ठिकाण. म्हणूनच पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक त्याला बळेच राजा करायला निघाले, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला. जी गर्दी मिळावी म्हणून आपण पोस्टर छापतो, त्या गर्दीतून तो उठून गेला.

हिरवा दिवा

आमच्या कामातला एक जुना अनुभव आहे. एका प्रोजेक्टमध्ये रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप व्हायचा. सकाळी डॅशबोर्डवर हिरवा दिवा. कित्येक महिने हिरवा. एके दिवशी खरोखर तो बॅकअप वापरायची वेळ आली तेव्हा कळलं की फाइल रोज तयार होत होती, पण रिकामी. स्क्रिप्ट फक्त एवढंच तपासत होती की काम संपलं का. आत काही आहे का, हे कोणी तपासतच नव्हतं. स्क्रिप्ट मीच लिहिली होती.

काकांच्या अंत्यविधीनंतर त्या रात्री माझ्या पत्नीने शांतपणे विचारलं, "आपण दोघांनी मिळून शेवटची प्रार्थना कधी केली?" मला आठवेना. मी बायबल उघडलं. खुणेची फीत संदेशाच्या तयारीसाठी वाचलेल्या पानावर होती. स्वतःसाठी, देवाजवळ बसायला म्हणून, मी किती आठवडे वाचलं नव्हतं ते मला सांगता आलं नाही. बाहेर दिवा हिरवा होता.

पाण्याखाली गेलेलं

पुढच्या रविवारी उपासनेनंतर आम्ही पौडमार्गे मुळशी धरणाकडे गेलो. मुलीला पाणी बघायचं होतं. आमचा हा सगळा तालुका मुळशीच. एका टोकाला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचं जंगल. धरण टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधलं. इथलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणात भिरा इथल्या वीजगृहात जातं आणि तिथून वीज मुंबईकडे जाते. मुंबईला प्रकाश मिळाला, पण खोऱ्यातल्या मावळ्यांची गावं आणि भातखाचरं पाण्याखाली गेली. १९२१ मध्ये पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पुढे लोक त्यांना सेनापती बापट म्हणू लागले. धरण तरी झालंच.

काठावर उभं राहून मी मुलीला ही गोष्ट सांगत होतो. तिने विचारलं, "मग त्या लोकांची घरं अजून खाली आहेत?"

मी उत्तर दिलं, पण प्रश्न माझ्याजवळच राहिला. बाहेर दिसणाऱ्या बळाची किंमत कोणीतरी भरत असतं, आणि बहुतेक वेळा ती उजेडात बसलेली माणसं भरत नाहीत. माझ्या 'सेवेच्या' उजेडाखाली काय गेलं होतं? पत्नीच्या शनिवार-रविवारच्या संध्याकाळी. मुलीची झोपण्यापूर्वीची गोष्ट. माझा सकाळचा अर्धा तास. माझ्या घराने सत्याग्रह केला नाही, एवढंच.

केडगावची साक्ष

आपल्याच पुणे जिल्ह्यातलं एक उदाहरण या भागासोबत मला नेहमी आठवतं. पंडिता रमाबाई. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. त्या अमेरिकेत गेल्या, पुस्तक लिहिलं, तिथे त्यांच्या कार्याला मदत करणारी संस्था उभी राहिली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. कीर्ती, विद्या, संस्था, परदेशात मित्र. आजच्या भाषेत सगळे दिवे हिरवे.

आणि याच काळाबद्दल त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे की ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, पण धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. बाप्तिस्म्याला तेव्हा सुमारे आठ वर्षं झाली होती. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा पाळक स्वतःच्याच व्यासपीठावरून उपदेश करता करता पालटला होता. ते वाचून रमाबाईंनी आपला सगळा लौकिक बाजूला ठेवून स्वतःला प्रश्न विचारला आणि लहान मुलासारख्या ख्रिस्ताकडे आल्या.

मला वाटतं, हे कबूल करायला जेवढं धैर्य लागतं तेवढं कुठल्याही आयोगापुढे उभं राहायला लागत नाही. देणगीदार काय म्हणतील? विरोधक हसतील? त्यांनी तो हिशोब केला नाही. केडगावचं मुक्ती मिशन यानंतरचं आहे. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत या संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर केलं, तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा सोप्या मराठीत. ज्या संस्कृतने पदव्या मिळवून दिल्या, तिचा डौल त्यांनी तिथे बाजूला ठेवला. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूजवळ गेल्या. छापील बायबल त्यांनी पाहिलं नाही. ते १९२४ मध्ये बाहेर आलं.

मग आपण काय करायचं?

कोणी असा अर्थ काढू नये की आजाऱ्यासाठी प्रार्थना करू नये किंवा सेवा सोडून द्यावी. याकोब ५ तसाच आहे. सत्तर जणांनाही प्रभूने पुन्हा घरी बसवलं नाही. प्रश्न एवढाच आहे की सेवा झाल्यावर माझा आनंद कुठे जाऊन बसतो.

मी काय केलं ते लिहितो. उपदेश म्हणून नाही, हिशोब म्हणून. शीटमधला शेवटचा रकाना काढून टाकला. नावं आहेत, हिरवा रंग नाही. शनिवारची सभा दोन महिने दुसरा एक भाऊ चालवतोय आणि खरं तर माझ्यापेक्षा चांगली चालवतोय. पहिल्या शनिवारी हे बघताना मला त्रास झाला, हेही लिहून ठेवतो. सकाळी लॅपटॉपच्या आधी बायबल, आणि त्यात संदेशाची तयारी नाही.

आणि मी काकूंकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, सगळं विसरलो. शेवटी खरं ते सांगितलं की काकू, मला तुमच्याआधी माझ्या नावाची काळजी वाटली, माफ करा. काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अरे, तुझ्या प्रार्थनेने ते बरे होणार होते असं मी समजलेच नव्हते. तू येऊन बसायचास ना त्यांच्याजवळ, त्यांना बरं वाटायचं." आणि चहा ठेवायला उठल्या.

मी ज्याला अपयश समजून बसलो होतो त्याच्याकडे काकूंनी तसं पाहिलंच नव्हतं. आणि मी शेजारी बसत होतो, हे माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

मननासाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात मला सर्वांत जास्त आनंद कशामुळे झाला? तो आनंद कोणी पाहिला नसता तरी झाला असता का?
२. माझ्या सेवेची किंवा नोकरीतल्या पदाची किंमत माझ्या घरात कोण भरतंय? मी त्यांना कधी विचारलं आहे का?
३. देवाजवळ नुसता बसायला म्हणून मी शेवटचं वचन कधी उघडलं?

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, माझं नाव तू लिहिलंस, मी नाही, यासाठी तुझे आभार. जे तुझ्या नावाने झालं ते मी माझ्या नावावर मांडलं, मला क्षमा कर. तुझं सामर्थ्य दिलंस तर ते नम्रतेने वापरायला शिकव, आणि दिलं नाहीस तर तू पुरेसा आहेस हे मला कळू दे. जे दुःखात आहेत त्यांच्याजवळ बसायला मला वेळ दे. आमची घरं पुन्हा तुझ्या सान्निध्याने भर. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

उद्याचे वाचन : लूक १०:३८–४२. मार्था आणि मरीया. त्यातही माझं नाव कुठे आहे ते मला आधीच माहीत आहे.