केबिन आणि हौदा : एका खिडकीचा अभ्यास

'टेम्पो' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की ते मुळात एका जर्मन कारखान्याचे नाव आहे, असे सांगितले तर घरी कुणाला पटत नाही. हॅम्बुर्गच्या विडाल आणि सन यांच्या तीनचाकी मालगाडीचे ते नाव. १९५८ मध्ये फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीच्या रूपाने ती गाडी आपल्याकडे आली आणि पुढे माल वाहणारी कोणतीही छोटी गाडी 'टेम्पो' झाली. २००५ मध्ये कंपनीने स्वतःचे नाव बदलून फोर्स मोटर्स केले. शब्द मात्र आहे तिथेच आहे. 'कॅम्पर' या शब्दाचे नशीब याच्या उलटे. परदेशात कॅम्पर म्हणजे आत झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. आपल्या रस्त्यावर कॅम्पर म्हणजे दोन ओळींची केबिन असलेली पिकअप. तीत झोपायचे म्हटले तर पाय काचेला लागतात.

प्रस्तुत लेखाचा विषय या दोहोंच्या मधला आहे. उघड्या हौद्याच्या पिकअपवर पक्के छप्पर बसवायचे आणि केबिनमधून हौद्यात खाली न उतरता जाता यावे म्हणून मध्ये वाट ठेवायची, हे जमते का? आणि जमले तरी करावे का?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझे मामा जुन्नर-ओतूरकडची भाजी माळशेज घाटातून कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत आणतात. गाडी रात्री पोहोचते आणि माल उतरायला पहाट होते. मधले तीन-चार तास मामा स्टिअरिंगवर डोके ठेवून काढतात आणि बरोबरचा मुलगा मागे ताडपत्रीखाली रिकाम्या क्रेटवर आडवा होतो. पावसाळ्यात त्याची जी दशा होते ती सांगण्यासारखी नाही. मागच्या माणसाने पुढच्याला काही सांगायचे तर पत्र्यावर थाप मारायची : एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पाऊस ताडपत्रीवर कोसळत असला की एकही थाप ऐकू येत नाही. म्हणून मामांच्या मनात आले की हौद्यावर पत्र्याचे घर करावे, आत फळी टाकावी आणि केबिनच्या मागच्या काचेच्या जागी आरपार खिडकी काढावी. गाडीवर कर्ज आहे आणि घर त्या गाडीवर चालते. घरात कागद वाचणारी मी एकटी, तेव्हा "बघ ग काय म्हणतात ते," असे काम माझ्याकडे आले.

उल्हासनगर आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या चार गॅरेजांत मी मामांबरोबर गेले. तिघांनी "होऊन जाईल" म्हटले. चौथे वयस्कर मिस्त्री. त्यांनी गाडीकडे न पाहता मला विचारले, "शिडी पाहिली आहेस का?" या लेखातील निम्मे ज्ञान त्या एका प्रश्नातून निघाले आहे.

पिकअपची चासी म्हणजे आडवी ठेवलेली शिडीच. दोन लांब चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. तिच्यावर पुढे केबिन बसते, ती रबरी गुटक्यांवर. मागे हौदा बसतो, तो स्वतंत्र बोल्टांवर. या दोन पेट्या एकमेकींना कुठेही चिकटलेल्या नसतात, मध्ये चार बोटांची फट असते. ती फट पाहून पूर्वी मला वाटे की जोडणारा आळशी असावा. घरातली लाकडी शिडी जमिनीवर आडवी ठेवून तिचा एकच कोपरा उचलून पाहा, सगळी शिडी पिळवटते. रस्त्यावर एक चाक खड्ड्यात गेले की चासीचे तेच होते, आणि आपल्या रस्त्यांवर ते किती वेळा होते हे वाचकांना सांगायला नको. चासी पिळवटली की केबिन एका बाजूला झुकते आणि हौदा दुसऱ्या. मी प्रत्यक्ष पाहिले. गाडीचे मागचे एक चाक फूटपाथच्या कडेवर चढवले तेव्हा वरच्या एका कोपऱ्यात फट अर्ध्या बोटाने घटली आणि दुसऱ्या कोपऱ्यात तेवढीच वाढली.

आता या दोन पेट्या वेल्डिंगने जोडून मध्ये वाट काढली तर? पिळवटायचे बळ जाणार कुठे? ते जोडावर येणार. पहिल्या महिन्यात सांध्याचा रंग उडेल, मग केसासारखी चीर दिसेल, मग पावसाचे पाणी आत येईल. मिस्त्रींच्या मते सर्वांत आधी केबिनची मागची काच जाते, कारण पत्रा वाकतो, काच वाकत नाही.

यावर तोड आपल्या रोजच्या प्रवासातच आहे. लांब पल्ल्याच्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये घड्याघड्यांची रबरी नळी लागते. वळणावर एक बाजू मिटते, दुसरी उघडते. साध्या लोकलमध्ये ही सोय नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत पहिली वातानुकूलित लोकल धावली तिच्यात ती आली. अमेरिकेत पिकअपवर टोपी बसवणारे लोक हेच तत्त्व वापरतात. टोपीच्या पुढच्या भिंतीला खिडकी, केबिनच्या मागे खिडकी, आणि मध्ये फक्त मऊ रबराची चौकट दाबून बसवलेली. दोन्ही पेट्या आपापल्या परीने हलतात, रबर दोघींना सांभाळून घेते. पाणी आत येत नाही आणि जोडही तुटत नाही.

मॅटॅडोरसारख्या बंद गाडीत हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण तिथे पुढचा-मागचा भाग एकाच सांगाड्याचा. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून फोक्सवॅगनच्या गाडीत झोपण्याची सोय बसवून द्यायला सुरुवात केली, तीही अशीच एकसंध गाडी होती. तात्पर्य, ज्याला आत हिंडायचे आहे त्याने मुळात बंद गाडी घ्यावी. पण बंद गाडीत भाजी गुदमरते, आणि मामांचा धंदा भाजीचा आहे.

वजनाचा हिशेब मी घरी बसून केला, तो देते. हौदा ८ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. वर ४ फूट उंचीचे छप्पर. छताचे ४४ चौरस फूट, दोन बाजूंचे ६४, पुढचे-मागचे मिळून ४४. एकूण १५२ चौरस फूट, म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर. एक मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला ७.८५ किलो, म्हणून नुसता पत्रा ११० किलो. ॲल्युमिनियमचा तेवढाच पत्रा ३८ किलो, पण तो जाड घ्यावा लागतो. "मग प्लायवूड लावू, हलके," असे मामी म्हणाल्या. १२ मिलिमीटरच्या प्लायचे वजन काढले तर तेही ११० किलोच्या आसपास येते! अँगलचा सांगाडा आणि फळ्या निराळ्या. म्हणजे प्रत्येक खेपेला टोमॅटोचे पाच-सहा क्रेट कमी. शिवाय हे वजन उंचावर. माळशेजच्या वळणावर बाजूचा वारा त्या उभ्या पत्र्यावर आदळला की गाडी कशी डुलेल, याचा हिशेब मला मांडता आला नाही. तो मामांनी हाताने हवेत करून दाखवला.

धुराची गोष्ट मात्र कुठल्याच गॅरेजवाल्याने काढली नाही. एसटीच्या मागच्या काचेवर एवढी धूळ का बसते? गाडी धावताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची हवा गाडीकडेच ओढली जाते. त्या हवेत स्वतःच्याच सायलेन्सरचा धूर असतो. हौद्याचे मागचे दार नीट बंद होत नसेल तर धूर हौद्यात शिरतो. हौदा केबिनला जोडलेला नसेल तर तो तिथेच राहतो, पण वाट काढली की तोच धूर चालकाच्या नाकापर्यंत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला फक्त झोप आल्यासारखे वाटते, आणि रात्रभर जागलेल्या चालकाला झोप येण्यात काही नवल वाटत नाही. तेव्हा दाराला रबरी पट्टी हवी, हवेची जाळी पुढच्या बाजूला हवी, आणि इंजिन चालू ठेवून आत कुणी झोपता कामा नये. ही तीन कामे खिडकीपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. प्रमाणपत्रात बॉडीचा प्रकार, रिकाम्या गाडीचे वजन, आसनसंख्या हे सारे लिहिलेले असते. मामांच्या योजनेने यांपैकी पहिल्या दोन गोष्टी तर नक्कीच बदलतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात (प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र) हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. कायदेशीर रस्ता नाही असे नाही. ट्रकच्या बॉडीसाठी आणि मोटार कॅराव्हॅनसाठी वेगवेगळी मानके आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. पण तो रस्ता प्रमाणित बांधणाऱ्याकडून आणि चाचणीतून जातो. हौशी पर्यटकाला तो परवडेल, भाजीवाल्याला नाही. धोरण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सुट्टीवर निघालेले कुटुंब होते, बाजार समितीच्या दारात रात्र काढणारा माणूस नव्हता, असे माझे मत आहे.

विम्याचे कलम याहून कठोर आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालगाडीतून जाणाऱ्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळाले. सहज म्हणून बसवून घेतलेल्या माणसाला ते नाही. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ मध्ये हे स्पष्ट केले आहे. गाडीत खिडकी काढली की चालत्या गाडीत मागे बसण्याचा मोह होणारच. आज मुलगा, उद्या गावी निघालेली आजी, परवा आम्ही सगळे. अपघात झाला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न असेल की हौद्यात माणसे काय करत होती, आणि दुसरा, ही खिडकी कुठून आली.

हे सगळे मी रविवारी दुपारी मामांना वाचून दाखवले. कलम ५२ त्यांनी दोनदा वाचायला लावले. मग म्हणाले, "खिडकी राहू दे. पण पोराचे काय?"

त्यावर जे ठरले ते असे. केबिनला हात लावायचा नाही. हौद्यावर गाडीबरोबर आलेल्या कमानीच राहतील, त्यांवर नवी दुहेरी ताडपत्री. आत, फाळक्यापासून वीतभर उंचीवर, सुटी निघणारी फळी, जी माल भरताना घरी ठेवायची आणि माल नसेल त्या रात्री न्यायची. माल असेल त्या रात्री मुलगा केबिनमध्ये मामांशेजारी बसून डुलकी काढतो. गाडी हलण्यापूर्वी मामांनी स्वतः उतरून हौदा पाहायचा, हा नियम मामींनी घातला आणि तो मोडण्याची मामांची हिंमत नाही. हौद्यातून केबिनपर्यंत, सांध्याशी थोडी सैल सोडलेली, एक तार नेली आहे. तिच्या एका टोकाला दारावरची साधी बॅटरीची घंटा आणि दुसऱ्या टोकाला बटण. मिस्त्रींनी तारेचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. बटण डाव्या कोपऱ्यात, आडव्या माणसाचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर बसवले आहे.