टोकन भरण्याआधी

हातोद, जि. इंदूर

चि. बाळ,

दादा-वहिनींसाठी तू पुण्याहून पाठवलेले ज्येष्ठांच्या निवासांच्या जाहिरातींचे फोटो घरात सगळ्यांनी पाहिले. हिरवळ, झोपाळा, योगासनं करणारे हसरे आजी-आजोबा. वहिनींनी चष्मा लावून एकेक फोटो निरखला आणि विचारलं, "रात्री बाथरूमला जायचं झालं तर तिथं कोण उठतं?" जागा निवडायची ती याच प्रश्नावर, आणि त्याचं उत्तर एकाही फोटोत नाही.

पुण्यात पाषाण-बाणेरला परांजपे स्कीम्सच्या 'अथश्री' वसाहती आहेत. तिथं घर स्वतःचं, आसपास समवयस्क माणसं, जेवणाची नि डॉक्टरची सोय हाताशी. पण अशी वसाहत मुळात हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी असते. त्यापुढची पायरी म्हणजे मदतीसह निवास: औषधं वेळेवर देणारं, आंघोळीला हात देणारं माणूस तिथं पगारावर असतं. लघवीची नळी, नाकातून अन्न, पाठीला जखमा अशी वेळ आली की शुश्रूषा केंद्रच लागतं. तिथं नर्स चोवीस तास हवी, नुसती आया नव्हे. स्मृतिभ्रंशाचं काम आणखी निराळं. नेदरलँड्समधल्या वेस्प गावात 'होगवाइक' नावाची अख्खी वस्तीच अशा रुग्णांसाठी वसवली आहे. रुग्ण दुकानात जातात, बागेत भटकतात, पण वस्तीबाहेर हरवत नाहीत.

आता आपल्या घरचं. वहिनींचे गुडघे गेलेत, पण डोकं लख्ख आहे. दादाचे पाय ठणठणीत, पण बाजारातून येताना हल्ली वळण चुकतो. म्हणजे दोघांची गरज दोन प्रकारची. बहुतेक जागांची प्रवेशाची अट असते की माणसानं स्वतःचं स्वतः केलं पाहिजे. दादाचं विसरणं वाढलं तर त्याला तिथंच ठेवतील का, की वहिनींना एकटं ठेवून त्याला दुसरीकडे हलवावं लागेल? हे तोंडी नको, करारात लिहून घे. डिपॉझिट किती परत मिळतं, मेंटेनन्स दरवर्षी किती वाढतो, हेही त्याच कागदावर.

घरीच ठेवायचं म्हणालास तर टेप घेऊन ये. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेरानं (महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामकानं) 2024 मध्ये जे नियम घातले, त्यांत दारं 900 मिलिमीटरहून रुंद हवीत असं आहे. आपल्या न्हाणीचं दार जेमतेम दोन फूट, म्हणजे सहाशेच्या आसपास. व्हीलचेअर उंबऱ्यावरच अडकेल. दार रुंद करणं, भिंतीला दांडी बसवणं आणि नर्सिंग ब्यूरोकडून रात्रीची बाई ठेवणं हाही एक पर्याय आहेच, आणि काकाच्या मते सध्या तोच पहिला. मात्र बाई आजारी पडली तर बदली कोण, हे ब्यूरोला आधी विचारावं.

खर्चाचं एक लक्षात घे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. दादाचं कार्ड काढून ठेव. पण ते पैसे दवाखान्यात भरती झाल्यावरचे. आयाचा पगार किंवा निवासाचं भाडं त्यातून निघत नाही.

राहता राहिलं घर विकण्याचं किंवा तुझ्या नावावर करण्याचं. घाई नको. आपल्याच मध्य प्रदेशात, छतरपूरला, एका आईनं 2019 मध्ये मुलाच्या नावे दानपत्र केलं. सांभाळ करण्याचं वचन मुलानं वेगळ्या कागदावर दिलं आणि पुढं वाद कोर्टात गेला. उच्च न्यायालयानं कौल मुलाच्या बाजूनं दिला, कारण खुद्द दानपत्रात ती अट नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं 2 जानेवारी 2025 ला तो निकाल फिरवला आणि मालमत्ता आईला परत द्यायला लावली. आधार 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम 23 चा. तू तसा नाहीस, हे वहिनी रोज सांगतात. तरीही कागद दादाच्याच नावे राहू दे.

याच कायद्यात निराधारांसाठी जिल्ह्याला किमान दीडशे जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. तरीही जानेवारी 2021 मध्ये इंदूरच्या महापालिकेच्या माणसांनी रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांना गाडीत भरून शिप्रा गावाजवळ उतरवलं होतं. गावकरी आडवे आले म्हणून त्यांना परत न्यावं लागलं. ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. कुठं कुणी दिसलं तर तिथं फोन कर.

दिवाळीला येशील तेव्हा आधी दादाला स्मृती तपासायला डॉक्टरांकडे नेऊ. त्यानंतर पसंत पडेल त्या जागी दोघांना पंधरा दिवस पाहुणे म्हणून राहू दे. तू मात्र तिथं भेटीच्या ठरल्या वेळेला जाऊ नकोस, रात्री नऊनंतर जा. तोवर टोकन भरायचं नाही.

तुझा,
काका