रुमाल आणि लाल दिवा

महसूल खात्यात छत्तीस वर्षे चाकरी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले मामा नगरच्या सावेडी भागात राहतात. मुलीच्या एमएस-सीआयटीच्या निमित्ताने २०११ साली घेतलेला संगणक त्यांच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, अद्याप नित्य वापरात आहे. संगणकदुरुस्तीचे काम करणारी त्यांची भाची वैशाखातल्या एका दुपारी पुण्याहून आली असता झालेला हा संवाद.

मामा : बरे झाले आलीस. या यंत्राने दोन महिने माझी दैना मांडली आहे. सकाळी चहा घेऊन बसावे, नेवाशाच्या जमिनीचा सातबारा महाभूलेखवर पाहावा, नेप्तीच्या बाजारातले कांद्याचे भाव पाहावेत, एखादे कीर्तन लावावे, तोच क्रोमची खिडकी पांढुरकी पडते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असा शेरा उमटतो, आणि मी हातावर हात ठेवून बसतो. दुकानदाराचा अभिप्राय असा, की यंत्र म्हातारे झाले, भंगारात द्या.

भाची : निकाल देण्यापूर्वी चौकशी तर होऊ द्या, मामा. क्रोम थिजते त्या वेळी माऊसचा बाण हलतो का? आणि या पेटीच्या दर्शनी भागावरचा लाल दिवा तेव्हा लुकलुकतो, की अखंड पेटलेला राहतो?

मामा : बाण अडखळत का होईना, हलतो. दिव्याकडे मात्र मी कधी पाहिलेच नाही.

भाची : मग आज पाहू. रोज ज्या क्रमाने पाने उघडता, त्याच क्रमाने उघडा.

(मामांनी एकामागून एक सहा पाने उघडली. चौथ्या पानापर्यंत दिवा लुकलुकत होता. पाचव्याला त्याची उघडझाप थांबून तो अखंड तांबडा झाला, पेटीतून सुपारी कातरल्यासारखी बारीक कुरकुर ऐकू येऊ लागली, आणि पडदा जागच्या जागी थिजला.)

भाची : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या, की हा टास्क मॅनेजर उघडतो. आकडे वाचा.

मामा : प्रोसेसर बारा टक्के. मेमरी शहाण्णव टक्के.

भाची : म्हणजे ज्याला आपण थकलेला म्हणत होतो, तो प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला आहे; तो कशाची तरी वाट पाहतो आहे. कशाची, ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक नीट कळेल. तुमच्या कचेरीतले जुने कागद कसे ठेवलेले असत?

मामा : रुमालात. चौकोनी जाड कापडात गावाचे कागद गाठोडे बांधून ठेवायचे. पुण्याच्या पेशवे दप्तरातही कागदांची मोजदाद रुमालांनीच होते. खातेदार नक्कल मागायला आला, की शिपायाने अभिलेखाच्या खोलीत जाऊन रुमाल शोधायचा, आणून माझ्या टेबलावर सोडायचा, काम झाले की पुन्हा बांधून जागेवर ठेवायचा.

भाची : तुमचे टेबल म्हणजे रॅम. या यंत्रात ती दोन जीबी आहे. अभिलेखाची खोली म्हणजे हार्ड डिस्क. टेबल भरले, तरी नवे काम नाकारण्याची सोय नसल्याने विंडोज काही कागद गुंडाळून डिस्कवर पाठवते, आणि तेच कागद पुन्हा लागले, की दुसरे कोणते तरी बाजूला सारून ते परत आणते. सहा पाने आळीपाळीने आपापले कागद मागू लागली, म्हणजे सारा वेळ या ने-आणीतच जातो. तो अखंड पेटलेला दिवा म्हणजे धावणारा शिपाई.

मामा : पण शिपाई धावला, तरी इतका विलंब का व्हावा?

भाची : रॅममधली नोंद साधारणतः सेकंदाच्या एक कोटीव्या भागात हाती येते. हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी असते. तिच्यावरची दांडी योग्य कड्यावर सरकून, हवा तो भाग फिरत खाली येईपर्यंत सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग खर्ची पडतो. दोहोंत लाखपटीचे अंतर झाले. टेबलावरचा कागद उचलायला तुम्हाला एक सेकंद लागतो असे धरले, तर याच हिशेबाने खोलीतला रुमाल यायला एक दिवस आणि वर पावणेचार तास लागतील.

मामा : आता समजले. तरी एक शंका उरते. २०११ साली टेबल एवढेच होते आणि शिपाईही हाच होता. तेव्हा कसे भागत असे?

भाची : अगदी नेमके विचारलेत. तेव्हाचे पान बहुतांशी वाचायचा कागद होता. आजचे पान म्हणजे चालता प्रोग्राम असतो, आणि त्याबरोबर जाहिराती, चलचित्रे, वाचकाचा माग काढणारी उपकरणे असा लवाजमा येतो. दुसरे असे, की २००८ साली क्रोम आले तेच मुळी निरनिराळ्या पानांना निरनिराळ्या प्रोसेसमध्ये चालवण्याची व्यवस्था घेऊन. हेतू चांगला होता : एक पान कोसळले, तरी बाकीची उभी राहावीत. पुढे २०१८ साली प्रोसेसरांतलेच काही सुरक्षादोष उघडकीस आल्यावर एका संकेतस्थळाची माहिती दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून त्यांच्यातल्या भिंती अधिक पक्क्या केल्या गेल्या, आणि त्या भिंतींनी सुमारे दहा टक्के मेमरी जास्त घेतली. हे बदल मला योग्यच वाटतात. त्यांचा भार मात्र तुमच्यासारख्यांच्या जुन्या टेबलावर पडला. आता क्रोममध्येच शिफ्ट आणि एस्केप दाबा. हा त्याचा स्वतंत्र टास्क मॅनेजर; कोणते पान किती जागा अडवून बसले आहे, ते येथे ओळीने दिसते.

मामा : कीर्तनाचे पान सर्वांत वर, ते ठीक. पण हे दुसऱ्या क्रमांकावर कोण? मी तर असे काही उघडलेले नाही.

भाची : ते एक्स्टेन्शन आहे, खरेदीच्या सवलती शोधून देणारे. कोणत्या तरी पानावर 'होय' दाबले गेले असेल, आणि तेव्हापासून ते तुमच्या प्रत्येक पानात डोकावते. खात्री करून घेऊ. इन्कॉग्निटो खिडकीत एक्स्टेन्शने एरवी बंद असतात. तेथे तीच सहा पाने उघडा.

मामा : उघडली. दिवा पेटतो आहे, पण मधून मधून विझतोही.

भाची : तर मग त्याला काढून टाकू. एका वेळी एकच बदल करायचा आणि पुन्हा पाहायचे. दहा गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

मामा : शेजारच्या मुलाने सांगितल्यावरून मी रोज कॅशे पुसतो. ते चालू ठेवू ना?

भाची : मुळीच नको. पानांतली चित्रे पुन्हा मागवावी लागू नयेत म्हणून ती साठवलेली असतात. रोज पुसली, तर रोज नव्याने आणावी लागतात. एखादेच पान सारखे बिघडत असेल, तर त्यापुरते पुसावे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असला, की हार्डवेअर ॲक्सिलरेशननेही पडदा थिजतो. ते सेटिंग्जमध्ये बंद करून दोन दिवस पाहा. आता मुख्य स्विच बंद करा, पेटी उघडते.

(पेटीची बाजू निघाली. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत राखाडी धुळीचा नमदा बसला होता.)

मामा : आमच्या इकडची धूळ ही! पाऊस काय तो अकोल्याच्या डोंगरात, कळसूबाईपाशी. पुढे पूर्वेकडे नुसता वारा.

भाची : या नमद्याखाली उष्णता कोंडते, आणि जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच आपली गती उतरवतो. दुपारी यंत्र अधिक रेंगाळत असेल, तर याचाही संशय घ्यावा. पंखा बोटाने धरून ब्रश फिरवा. मोकळा भिरभिरू देऊ नका. आणि ही रॅमची पट्टी. तिच्या कडेचे सोनेरी दात काळवंडले आहेत. खोडरबर हलक्या हाताने घासा, कीस झटका, आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून बसेपर्यंत पट्टी सरळ दाबा.

(यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर भाचीने डिस्कची तपासणी लावली आणि एका ओळीवर बोट ठेवले.)

भाची : डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. निकामी झाल्यामुळे ज्यांच्या जागी राखीव सेक्टर घ्यावे लागले, त्यांचा हा आकडा. तो शून्य असावा. येथे चोवीस आहे.

मामा : म्हणजे रुमालाला कसर लागली.

भाची : होय. अशा जागी वाचन साधले नाही, तर डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तेवढा वेळ सारे तटून राहते. मला काळजी वाटते ती क्रोमची नाही, मामा. मामींचे सारे फोटो या एकाच डिस्कवर आहेत ना?

मामा : सारे. दुसरीकडे कोठेही नाहीत.

भाची : तर दुरुस्ती थांबवू आणि आधी त्यांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेऊ. मग जुनीच्या जागी एसएसडी बसवेन. तिच्यात फिरणारी तबकडी नसल्याने रुमाल शंभरपट लवकर हाती येतो. रॅमही वाढवू, मात्र तुमचे विंडोज ३२ बिटांचे असल्याने चार जीबीपलीकडची जागा ते वापरणार नाही. आणि विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या जानेवारीतली. तेव्हा बँकेचे व्यवहार यावर आजपासून बंद. नव्या डिस्कवर लिनक्स मिंट घालते; मराठी टंकलेखनाची सोय त्यात आहे, आणि सातबारा तेथेही असाच दिसेल.

मामा : नवे शिकायला माझी तयारी आहे. पण आधी फोटो.

(बाहेरची डिस्क जोडली गेली. हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. खाली शिल्लक वेळ दोन तास चाळीस मिनिटे असा दिसत होता. मामांनी खुर्ची पुढे ओढली आणि पट्टीखालून सरकणारी फाइलींची नावे ते एकेक करून वाचू लागले.)

भाची : वीज गेली तर?

मामा : यूपीएस गेल्याच महिन्यात बदलला आहे. तू जेवून घे. मी येथेच बसतो.